मुलांच्या फुटबॉल स्पर्धा: आयोजन नीट आहे हे ओळखायचं कशावरून?

कोथरूडची_आई
दिवाळी संपली की पुण्यात दर शनिवार-रविवारी कुठला ना कुठला 'कप' असतो. मुलगा ११ वर्षांचा, अकादमीकडून सेव्हन-अ-साइड (सात-सात जणांचे संघ) खेळतो. गुरुवारी ग्रुपवर पोस्टर येतं, शुक्रवारपर्यंत एंट्री फी भरायची, बाकी सगळं 'नंतर कळवू'.

माझं मत सांगून टाकते: यातल्या निम्म्याहून अधिक स्पर्धा मुलांसाठी नसतातच. सकाळी साडेसातला रिपोर्टिंग, पहिला सामना साडेदहाला. लॉट्स, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याच्या चिठ्ठ्या, त्याच दिवशी मैदानावर पाडतात. नॉकआउट असल्यामुळे हरलं की वीस-तीस मिनिटांत घरी. नियम काय, टाय झाला तर काय, वयाचा पुरावा कोण बघतो, कोणालाच माहीत नाही. ट्रॉफ्या मात्र पोरांच्या कमरेइतक्या उंच.

तर प्रश्न असा: पैसे भरण्याआधी स्पर्धा नीट होणार की नाही हे कसं ओळखता? मुंबई, कोल्हापूर, गोवा, परदेश, सगळीकडचे अनुभव चालतील. अकादम्यांची नावं टाळा, मला धागा उडालेला नकोय.

पुणेरी_पाटी
रिपोर्टिंगची वेळ संघांसाठी. सामन्याची वेळ प्रमुख पाहुण्यांसाठी. यात न समजण्यासारखं काय आहे?

डावा_विंग
आझाद मैदानात शालेय सामने खेळून मोठा झालोय. मुंबईची शालेय क्रीडा संघटना १८९३ पासूनची, त्यामुळे तिथे एक बरं होतं: वेळापत्रक आधी शाळेत पोचायचं आणि वेळेवर संघ नसेल तर वॉकओव्हर. सर ओरडायचे, पण पोरं वेळेवर असायची.

जिल्हास्तरीय शालेय स्पर्धांचं मात्र कोथरूडची_आई म्हणतात तेच. जुलै-ऑगस्टचा चिखल, सरळ नॉकआउट. वर्षभर सराव करायचा आणि कोसळत्या पावसात एक ढुस्स गोल खाऊन घरी. देशभरातल्या शाळांच्या सुब्रतो करंडकाची वाटही तीच: जिल्हा, विभाग, राज्य, मग दिल्ली. १९६० पासूनची एवढी मानाची स्पर्धा, पण खालच्या पायरीवर शेकडो शाळांच्या वाट्याला जेमतेम एक सामना येतो.

मैदान_भाडेकरू
मी स्पर्धा भरवतो. शिव्या खायला तयार होऊनच लिहितोय.

आधी नॉकआउटचं गणित. ३२ संघ, नॉकआउट, सामने ३१. तेच चार-चारचे आठ गट केले तर गटातले ४८ आणि दोन-दोन संघ पुढे नेले तर बाद फेरीचे १५, एकूण ६३. सेव्हन-अ-साइडचा सामना १५-१५ मिनिटांचा, मध्यंतर आणि संघ बदलणं धरून ४० मिनिटं. सकाळी ८ ते संध्याकाळी ५ एका मैदानावर १३ सामने बसतात. तीन मैदानं असतील तर नॉकआउट एका दिवसात उरकतो, लीग कम नॉकआउटला (आधी गट, मग बाद फेरी) दोन दिवस लागतात. म्हणजे मैदानाचं भाडं दुप्पट, रेफरींचं मानधन दुप्पट, अँब्युलन्स दुप्पट. एंट्री फी मी दुप्पट केली तर या धाग्यावरचे किती जण भरतील?

दुसरं, लॉट्स आधी का पाडत नाही? कारण शुक्रवारी रात्री अकराला दोन कोच फोन करतात, "सर, पोरं कमी पडतायत, नाव काढा." आणि शनिवारी सकाळी एक संघ नाव न देताच मैदानात हजर असतो. आधी पाडलेले लॉट्स मग तीनदा बदलायचे आणि प्रत्येक बदलावर कोणीतरी म्हणणार, सेटिंग आहे.

पाहुण्यांच्या बाबतीत मात्र बचाव नाही. मैदान ज्यांच्या शिफारशीने मिळतं ते यायच्या आत किक-ऑफ केला तर पुढच्या वर्षी मैदान मिळत नाही. झालं?

पुणेरी_पाटी
शाल आणि श्रीफळ कुठल्या बजेटमधून येतं तेही सांगा.

मैदान_भाडेकरू
शाल गेल्या वर्षीचीच असते. नारळ नवा.

गणपुले_सर
भाडेकरू, आकडेमोड बरोबर आहे, पण ३२ वरच का थांबलात? १६ संघ घ्या. चार गट, गटातले सामने २४. प्रत्येक गटातले दोन पुढे, उपांत्यपूर्व ४, उपांत्य २, अंतिम १, म्हणजे ७. एकूण ३१. तुमच्या ३२ संघांच्या नॉकआउटमध्येही ३१च! तेवढीच मैदानं, तेवढेच रेफरी, तोच एक दिवस, आणि प्रत्येक मुलाला किमान तीन सामने.

मैदान_भाडेकरू
सर, सामने तेवढेच, एंट्री फ्या निम्म्या.

गणपुले_सर
मग दुखणं मैदानाचं नाही, एंट्री फीचं आहे. एवढंच वदवून घ्यायचं होतं.

कोथरूडची_आई
सर, साष्टांग! आणि भाडेकरू, मोकळेपणाने लिहिलंत म्हणून आभार, उपरोध नाही. पण तीन सामन्यांची खात्री असेल तर मी दुप्पट फी भरेन. आत्ता मी एका सामन्यासाठी पेट्रोल, नाश्ता आणि अख्खा शनिवार भरते. तो हिशोब आयोजकाच्या वहीत येत नाही इतकंच.

शिट्टीवाला
जिल्हा संघटनेच्या पॅनलवरचा रेफरी आहे. मुलांच्या स्पर्धांना हल्ली जावंसं वाटत नाही, कारण सांगतो.

सलग सात-आठ सामने एकच माणूस शिट्टी वाजवतो. लाइन्समन नसतात. दुपारी दोनच्या उन्हात माझाच पाय उचलत नाही, ऑफसाइड काय दिसणार? मग पालक बाउंड्रीवरून माझी सात पिढ्यांची चौकशी करतात. १० वर्षांखालच्या सामन्यात एका बाबांनी थ्रो-इनसाठी मैदानात धाव घेतलेली आहे. थ्रो-इनसाठी!

स्पर्धा कशी आहे हे ओळखायची माझी खूण सोपी आहे. आयोजकाने रेफरींसाठी सावली, पाणी आणि आळीपाळीने विश्रांती ठेवली असेल तर बाकीचंही बहुतेक नीट असतं. आणि मानधन संध्याकाळी हातात मिळालं तर समजावं, देवमाणूस आहे.

जर्सीसिटी_जयंत
इकडचं लिहितो. न्यू जर्सीत दोन्ही मुली खेळतात. मेमोरियल डे, कोलंबस डे, लेबर डे, प्रत्येक लाँग वीकेंड कुठल्यातरी टुर्नामेंटला वाहिलेला. आपल्या लोकांना वाटतं अमेरिकेत सगळं घड्याळाच्या काट्यावर चालतं. चालतं खरं. वेळापत्रक काही दिवस आधी अॅपवर येतं, मैदानाचा नकाशा येतो, किमान तीन सामन्यांची हमी असते. विजय कितीही मोठा असला तरी गुणतक्त्यात मोजायच्या गोलफरकाला मर्यादा असते, म्हणजे दुबळ्या संघाला कोणी १४-० चिरडत बसत नाही. गडगडाट ऐकू आला की मैदान रिकामं, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबायचं, मग कोणाचा बापही खेळ सुरू करू शकत नाही.

आता दुसरी बाजू. संघाची फी हजार डॉलरच्या घरात. वर 'स्टे टू प्ले' नावाची भानगड: बाहेरगावचा संघ असेल तर आयोजकांनी ठरवलेल्या एजन्सीमार्फतच हॉटेल घ्यायचं, नाहीतर प्रवेश रद्द. पाच मैलांवर सख्खा मामेभाऊ राहतो, पण आम्ही हॉटेलात, कारण त्या खोल्यांवर आयोजकांना कमिशन मिळतं. तुमच्याकडे पाहुण्यांचा नारळ, आमच्याकडे हॉटेलचा.

शिवाय गट गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ असे असतात आणि आपला संघ कुठे घालायचा हे कोचच सुचवतो. ट्रॉफीचा शौकीन कोच गोल्डच्या लायकीचा संघ ब्राँझमध्ये घुसवतो. अंतिम सामना ७-०. फोटो झकास.

शिट्टीवाला
जयंतराव, तिकडे रेफरींना तरी मान आहे का?

जर्सीसिटी_जयंत
काका, लहान गटांना १३-१४ वर्षांची मुलंच रेफरी असतात आणि चाळिशीतले बाप त्यांच्यावर ओरडतात. मुलं एक सीझन करतात आणि सोडून देतात. इतकी सोडायला लागली की यूएस सॉकरने, म्हणजे इथल्या राष्ट्रीय फुटबॉल संघटनेने, मार्च २०२५ पासून रेफरींना त्रास देणाऱ्यांसाठी देशभर एकच शिक्षेचं धोरण आणलं. आमच्या लीगमध्ये एक 'सायलेंट' वीकेंडही असतो, पालकांनी फक्त टाळ्या वाजवायच्या. त्या दोन दिवसांत पोरी सगळ्यात छान खेळतात हे बायकोचं निरीक्षण. माझ्याकडे रोखून बघत नोंदवलेलं.

मी_मुंबईकर
हहपुवा (हसून हसून पुरेवाट)! वहिनींना अनुमोदन.

हिमगौरी
स्वीडनमधल्या गोथेनबर्गमधे राहते, म्हणून इथल्या मुलांच्या गोथिया कपबद्दल लिहायलाच हवं. १९७५ पासून दर जुलैत होतो. दीड हजाराहून जास्त संघ, साठ-सत्तर देश, शंभराच्या आसपास मैदानं. आठवडाभर शहरातल्या ट्राममध्ये जर्सी घातलेली पोरंच पोरं.

यातलं श्रीमंत देशाचं काय आणि नुसत्या डोक्याचं काय, हे मी वेगळं करून पाहते. मैदानं आणि ट्राम पैशाच्या. पण मुलं राहतात कुठे? सुट्टीतल्या शाळांच्या वर्गांत, जमिनीवर गाद्या टाकून. जेवण शाळेतच. हे आपल्याकडे मे महिन्यात अशक्य आहे का?

आणि नॉकआउटवर सगळे लिहिताय म्हणून सांगते. गटात पहिले दोन आले ते 'ए' बाद फेरीत आणि खालचे 'बी' बाद फेरीत. म्हणजे गटात सगळे सामने हरलेल्या संघालाही बाद फेरीचा एक सामना, जिंकलात तर पुढे. स्पर्धा एका स्थानिक क्लबची आहे, बीके हेकनची. राबणाऱ्यांत शाळकरी मुलं, पालक, आजी-आजोबा. पार्किंगमध्ये उभे असलेले आजोबा गेली कित्येक वर्षं तेच.

रच्याकने (जाता जाता), २०२३ मध्ये १३ वर्षांखालील गट पंजाबच्या मिनर्व्हा अकादमीने जिंकला. आम्ही चार मराठी टाळकी घसा फोडून ओरडत होतो, शेजारच्या स्वीडिश काकूंनी दचकून कॉफी सांडली.

रंकाळा_एक्स्प्रेस
सगळी दुनिया फिरून आली, आता कोल्हापूरचं ऐका.

आमच्याकडं शाहू स्टेडियमवर सीनियरच्या मॅचला हजारोंनी माणूस येतंय. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी, नुसती संघांची नावं घेतली तरी पेठा जाग्या हुत्यात. स्पर्धा मंडळाची पोरंच भरवत्यात. फक्कीनं रेघा मारणारा, पाणी देणारा, गेटवर थांबणारा सगळा तालमीचा. हिमगौरीताईंचं पार्किंगमधलं आजोबा आमच्यात प्रत्येक पेठेत चार-चार हाईत, त्यांना स्वीडनला जायची गरज न्हाई.

पण खरं सांगायचं तर लहान पोरांसाठी आमच्यात तेवढी हौस दिसत न्हाई. सीनियरला बक्षीस, लायटिंग, हलगी. १३ वर्षांखालच्यांना उरलेलं ग्राउंड आणि उरलेला वेळ. आमचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपात खेळला तेव्हा गावभर फटाके वाजले. पण त्याची घडण झाली पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. गाव फुटबॉलचं, तयारी दुसऱ्याच्या दारात. हे बोललं की पेठेत शिव्या बसत्यात, म्हणून हितं बोलतोय.

मांडवीतीर
गोंयात आमचे तसे बरे चालते, पण एक वेगळाच प्रकार सांगतो. भातकापणी झाली की शेतातच गोलपोस्ट उभे. गावागावांच्या स्पर्धा तिथे. ढेकळांत ड्रिबल करायला शिकलेल्याला नंतर टर्फ म्हणजे सुखच. आयोजन काय, लाउडस्पीकरवाला आला की स्पर्धा सुरू! तरी वेळेवर सुरू होते, कारण सहा वाजता अंधार पडतो आणि फ्लडलाइट नाहीत.

पुणेरी_पाटी
म्हणजे पुण्यातले फ्लडलाइट काढा. धागा सुटला.

खवय्या_गोलकी
एवढा धागा झाला, खायचं कोणीच काही बोललं नाही? आमच्या कोचने दोन सामन्यांच्या मध्ये मुलांना वडापाव दिले होते. दुसऱ्या सामन्यात आमचा डिफेन्स गोलपोस्टला टेकून उभा होता.

डॉ_संधिवात
चेष्टा सोडा, यातच खरी गोष्ट आहे. दोन सामन्यांत तास-दीड तासाचं अंतर असेल तर केळं, खजूर, मीठ-साखर-लिंबाचं पाणी. तळकट नको.

मी दोन-तीन स्पर्धांना वैद्यकीय मदतीला बसतो. आयोजकांना तीन प्रश्न विचारा. पहिला, जवळचं २४ तास चालणारं हॉस्पिटल कुठलं आणि गाडी कोण चालवणार? 'अँब्युलन्स आहे' या उत्तरावर जाऊ नका, कधीकधी ती फक्त पोस्टरवर असते. दुसरा, हलते गोलपोस्ट जमिनीला जखडलेत का? पोरं आडव्या दांडीला लोंबकळतात आणि पोस्ट अंगावर येतो. इंग्लंड-अमेरिकेत मुलं दगावली आहेत यात. चार वाळूच्या गोण्या मागे टाकल्या की काम भागतं. तिसरा, ऊन. फिफा ज्या निर्देशांकाने कूलिंग ब्रेक ठरवते तो तापमान, आर्द्रता आणि उन्हाचा ताप एकत्र मोजतो, आणि त्यांची मर्यादा ३२ अंश सेल्सिअस आहे. तीही प्रौढ व्यावसायिकांसाठी. एप्रिलमध्ये दुपारी एकला १० वर्षांच्या मुलांचा सामना लावणाऱ्याला मैदानाच्या मधोमध उभं करावं, टोपी न देता.

मैदान_भाडेकरू
डॉक्टर, गोण्यांचं मनावर घेतलं. खरंच.

सत्यवचनी
मुख्य रोगावर कोणी बोलतच नाहीये. ओव्हरएज! १३ वर्षांखालच्या गटात मिशा फुटलेली पोरं. आधार कार्ड, जन्मदाखला, सगळं व्यवस्थित. मनगटाची तपासणी सक्तीची करा, विषय संपला.

डॉ_संधिवात
विषय संपत नाही. फिफाने २००९ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकापासून मनगटाचा एमआरआय आणला. आपल्याकडे डाव्या हाताचा एक्स-रे काढून टीडब्ल्यू३ पद्धतीने हाडांचं वय काढतात. हाडांचं वय आणि जन्माचं वय सारखंच असतं असं नाही. काही मुलं लवकर वयात येतात. आणि शनिवारच्या सेव्हन-अ-साइडसाठी दोनशे मुलांचे एक्स-रे काढणार आहात का?

सत्यवचनी
मग चोरांना मोकळं रान द्यायचं?

डावा_विंग
मधला रस्ता आहे. जन्मदाखल्यावर नोंदणीची तारीख असते. मूल जन्मल्यावर आठ-दहा वर्षांनी नोंद झाली असेल तर तो दाखला मान्य नाही, एवढा नियम केला तरी बरीच सफाई होते. आणि कागद सामन्याच्या आधी बघा. उपांत्य फेरी हरल्यावर प्रोटेस्ट फी भरून भांडणं लावण्यात काय हशील?

जर्सीसिटी_जयंत
वयाचं राजकारण इकडेही आहे, फक्त कायदेशीर. २०१७ पासून वयाचे गट १ जानेवारी ते ३१ डिसेंबर असे होते, त्यामुळे डिसेंबरात जन्मलेलं पोर आपल्या गटात कायम लहानखुरं. आता २०२६-२७ च्या सीझनपासून १ ऑगस्ट ते ३१ जुलै होणार. ऑगस्टवाल्या पालकांच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नाहीये.

गणपुले_सर
वेळापत्रकाची एक गंमत राहिली. तीन संघांचा गट असलेली स्पर्धा दिसली की सावध व्हा. शेवटचा सामना खेळणाऱ्या दोघांना नेमका किती निकाल पुरतो हे ठाऊक असतं, तिसरा कठड्यावर बसून बघतो. चार संघांच्या गटातही शेवटचे दोन सामने वेगवेगळ्या वेळी ठेवले तर तेच. १९८२ च्या विश्वचषकात स्पेनमध्ये पश्चिम जर्मनी-ऑस्ट्रिया सामना झाला. १-० ने दोघंही पुढे जाणार होते, अल्जीरियाचा संघ आदल्या दिवशी खेळून मोकळा झाला होता. जर्मनीने सुरुवातीलाच गोल केला आणि उरलेला वेळ दोघांनी चेंडू इकडून तिकडे फिरवला. पुढच्या विश्वचषकापासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी व्हायला लागले.

आमच्या मैदानावर हेच १२ वर्षांच्या पोरांनी कोचच्या खुणेवर केलेलं पाहिलंय. त्या कोचला जर्मन नागरिकत्व द्यायला हवं होतं.

रंकाळा_एक्स्प्रेस
आमच्यात असं केलं तर प्रेक्षकच आत येऊन गोल मारतील.

विदर्भकन्या
नागपूरहून. मुलगी आतापर्यंत मुलांच्याच संघात खेळली, १२ पूर्ण झाल्यावर प्रवेश बंद. मुलींच्या गटाची जाहिरात असते, आदल्या दिवशी मेसेज येतो: संघ कमी, गट रद्द. २०२२ चा मुलींचा १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला, नवी मुंबईत आणि गोव्यात सामने झाले, टीव्हीवर बघून पोरगी खेळायला लागली. आता खेळणार कुठे? आणि मैदानावर टॉयलेट नसतं हे या अख्ख्या चर्चेत कोणाच्याही यादीत नाही.

कोथरूडची_आई
विदर्भकन्या, टॉयलेटचा प्रश्न माझ्या यादीत सर्वात वर टाकला. मुलांनाही लागतं खरं तर, आयांना तर लागतंच.

बाकी, इथपर्यंत वाचून माझ्यापुरतं ठरवलंय: पैसे भरण्याआधी नियमपत्रक मागायचं. किमान सामने किती, रेफरी किती, दाखले कधी तपासणार, उन्हाची सुट्टी किती वाजता. पत्रकच नसेल तर फोन ठेवून द्यायचा. काल एका आयोजकाला विचारलं तर म्हणाले, "मॅडम, तुम्ही पत्रकार आहात का?"

शिट्टीवाला
विदर्भकन्या ताई, एक तोडगा पाहिलाय. मुलींचे तीन-चारच संघ आले तर गट रद्द न करता त्यांना एक वर्ष लहान मुलांच्या गटात घालायचं. खेळ तोडीस तोड होतो. पहिल्या सामन्याआधी मुलं हसतात, दुसऱ्याआधी हसत नाहीत.

मैदान_भाडेकरू
फेब्रुवारीत मुलींचा १४ वर्षांखालील गट ठेवतोय. सहा संघ आले तर सगळ्यांशी सगळे, १५ सामने, नॉकआउट नाही. माझ्याकडे आत्ता पाच आहेत. गट रद्द करणार नाही, इथे लिहून देतो.

विदर्भकन्या
सहावा आमचा. नागपूरहून रात्रीच्या गाडीने येऊ. नियमपत्रक पाठवा, आणि टॉयलेटचा फोटो.

मैदान_भाडेकरू
पत्रक आज रात्री पाठवतो. फोटोला दोन दिवस द्या, आधी दाराला कडी बसवून घेतो.